जुन्या टीव्ही शोकेसमध्ये बॉल पायथनचं घर: सुतारकाम नंतर, आधी उष्णतेचं बघा

निपाणीच्या एका भावानं विचारलंय. घरात आजोबांच्या वेळचं सागवानी कपड्यांचं कपाट आहे आणि पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीचं साडेचार फुटी शोकेसपण पडून आहे, आई दोन्ही भंगारात घालू देत नाही. त्याच्याकडं तीन फुटांचा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, सध्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात. थंडी पडायच्या आत या दोन्हीतल्या एकाचं सापाचं घर करायचं म्हणतोय. बेत असा, की तळाला बाहेरनं हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, चिकटवायची आणि आत वर शंभरचा पिवळा बल्ब. चालेल काय?

सरळ सांगतो, शोकेस घ्या, कपाट ऱ्हाऊ दे आईला. मॅट तळाला बाहेरनं लावायची नाही. बल्ब दिवसा चालेल, रात्री नको. आता का ते सांगतो, जरा लांबणार आहे, सुतारकाम आणि वायरिंग दोन्ही करतो म्हणून बोलायला लागलो की थांबत नाही.

आधी कायद्याचं दोन शब्दांत, कारण वाचणारे तुम्ही एकटे नाही. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, सायटीस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळं आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ ला जी दुरुस्ती झाली तिच्या चौथ्या अनुसूचीत येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणं केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायलाच लागते. तुम्ही केलीय म्हणालात, कागद जपून ठेवा. पण आपल्याकडचा कुठलाही साप, शेतातली धामण असू दे नाहीतर मांडूळ, घरात ठेवायचा विचारसुद्धा करू नका. मांडूळाच्या नावावर आपल्या भागात जे चालतं ते सगळ्यांना माहिती आहे, त्यात पैसा नाही, जेल आहे. हे खालचं सगळं नोंद केलेल्या परदेशी सापासाठी आहे.

आता शोकेसच का. जुने पिक्चर ट्यूबवाले टीव्ही मागं पोट सुटलेले असायचे, त्यामुळं त्यांची कपाटं वीस-बावीस इंच खोल करायला लागायची. आजकालच्या भिंतीवरच्या टीव्हीखालचं युनिट बारा-चौदा इंचाचं असतंय, त्यात मोठ्या सापाला नीट वळायला-फिरायला जागा पुरत नाही. मोठ्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच असं घर धरतात, तुमचं साडेचार फूट आहे आणि खोली वीस इंच, जमून जातंय. पुढं काचेची पट्टी आधीच असली तर अर्धं काम झालेलंच समजा.

कपाटाचं दुखणं वेगळं. लाकूड चांगलं आहे हो, खानापूर भागातलं जुनं सागवान असेल तर आजच्या कुठल्याच प्लायला त्याची सर नाही. पण त्यात वर्षानुवर्षं डांबर गोळ्या घातलेल्या असतात. नॅप्थलीनचा वास लाकडात मुरतो, थंड असताना जाणवत नाही आणि आत तीस-बत्तीस अंश झालं की परत बाहेर यायला लागतो, आणि साप त्याच बंद हवेत चोवीस तास. बघायचंच असेल तर कपाटात गरम पाण्याचं भांडं ठेवून दार तासभर बंद करा, मग उघडून नाक आत घाला. वास आला की विषय संपला, पॉलिशनं तो झाकला जात नाही. शोकेसचीपण हीच परीक्षा घ्या. आणि घरात वाळवीचं औषध मारलं होतं तेव्हा कुठल्या फर्निचरला मारलं ते आईला विचारा, औषध मारलेलं लाकूड सापासाठी नकोच. लोखंडी कपाटाबद्दल पण लोक विचारतात, ते तर सगळ्यात वाईट, पत्रा उष्णता धरत नाही, आतनं घाम येतो आणि एखादी वायर कुठं सोलली तर आख्खं कपाट करंट.

जुना ऑइल पेंट असला तर कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडं ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि पॉलिश पेपरनं घासलं की ती धूळ तुमच्याच पोटात. पाण्याचा पेपर वापरून ओलं घासायचं, मास्क लावायचा, लहान पोरं लांब.

आता खरा विषय, उष्णता.

लाकडाचा गुण असा की ते उष्णता आरपार जाऊ देत नाही. म्हणून तर पेटी गरम राहते. पण मॅट तळाला बाहेरनं चिकटवली की हाच गुण उलटतो. हिशोबच बघा की. एक फूट बाय एक फूट मॅट, पंधरा वॅटची. तिची सगळी उष्णता १८ एमएम प्लायमधनं वर ढकलायची म्हणजे प्लायच्या खालच्या आणि वरच्या अंगात विसेक अंशांचा फरक पडतो. वर सापाच्या पोटाला बत्तीस हवं, तर खाली मॅट पन्नाशीच्या वर. त्यावर दोन इंच कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, टाकलं की वरनं उष्णता निघायला अजून अडचण, खाली आणखी चढणार, आणि खाली ड्रॉवर असला तर तिथं कोंडून बसणार. साप गारच, आणि लाकूड रोज भाजतंय. काचेच्या टाकीखाली मॅट चालते कारण काच पातळ असते. परदेशातले व्हिडिओ बघून लोक तेच लाकडाला करतात.

म्हणून लाकडी पेटीत उष्णता वरनं द्यायची. त्यासाठी सिरॅमिक एमिटर, म्हणजे उजेड न देणारा चिनीमातीचा बल्बच. बल्ब दिवसा लावला तर हरकत नाही, पण रात्रीचा उजेड सापाला नको, तो रात्रीचा प्राणी आहे. कोंबडीच्या पिल्लांना बल्ब लावतात म्हणून सापाला लावायचा हे गणित रात्री बसत नाही.

किती वॅट? इथं अंदाजपंचे करू नका. तुमच्या पेटीच्या सगळ्या बाजू मिळून साडेतीन चौरस मीटरच्या आसपास होतात. १८ एमएम प्लाय आणि पुढं काच धरली तर आत-बाहेर दर एक अंश फरकाला नऊ-दहा वॅट बाहेर जातात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोलीत सतरा-अठरा अंश सहज होतं, पेटीत सरासरी सत्तावीस पाहिजे, म्हणजे दहा अंशांचा फरक आणि शंभर वॅट सतत. शंभरचा एमिटर कडाक्याच्या थंडीत कधी बंदच होणार नाही, हे बरं नाही, म्हणून १५० चा घ्या आणि थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान बघून आपोआप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवर चालवा. मागच्या पाठीला आणि दोन्ही बाजूंना बाहेरनं एक इंची थर्माकोल लावला तर गरज पंच्याहत्तरच्या आसपास येते. पण थर्माकोल एमिटरच्या वरच्या फळीवर अजिबात नको, तो गरम झाला की आधी मऊ होतो आणि मग पेटतो. एवढं केल्यावर उरलेली उष्णता जवळजवळ अर्धी काचेतनं जाते, तिथं रात्री जुनी वाकळ टाका, फक्त हवेची भोकं झाकू नका. आजीच्या वाकळंला एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

एमिटर भयंकर तापतो, त्याचं अंग दोनशे अंशांच्या पुढं जातं. त्यामुळं होल्डर चिनीमातीचाच, काळा बॅकेलाइटचा घालायचा नाही, काही महिन्यांत तडकतो. होल्डरच्या आणि लाकडाच्या मध्ये सिमेंट बोर्डचा तुकडा, तोपण वॉशर घालून अर्धा इंच उचललेला, म्हणजे मध्ये हवा खेळती राहते. एमिटरच्या बाजूनं कुठलंही लाकूड आठ इंचाच्या आत नको. होल्डरपर्यंतची वायर फायबरग्लासच्या स्लीव्हमधनं. आणि जाळी, जाळी विसरायची नाही. साप गरम वस्तूवरनं बाजूला होत नाही, अंग भाजत असलं तरी वेटोळं घालून तिथंच बसतो. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेटरकडं वेल्डमेशचा पिंजरा करून मिळतो, अर्ध्या इंचाची भोकं, एमिटरपासनं सगळीकडनं दोन-तीन इंच लांब, चारी कोपऱ्यांना स्क्रूनं घट्ट. जाळीच्या कडा फाईलनं घासून घ्या, नाहीतर खवलं फाटतात.

आता थर्मोस्टॅट. करवत हातात घ्यायच्या आधी हा विकत घ्या, पैसे कमी पडले तर पॉलिश राहू दे. अंडी उबवायच्या मशिनीत जो डिजिटल कंट्रोलर वापरतात तो चालतो, एसटीसी-१००० सारखा. सेट बत्तीस, फरक एक अंश. पण त्याच्यात एमिटर चालू-बंद करणारा रिले असतो आणि रिलेचे पॉईंट कधीतरी चिकटतात. चिकटले की डिस्प्ले पस्तीस, अडतीस, बेचाळीस दाखवत बसतो आणि एमिटर चालूच. म्हणून दुसरा थर्मोस्टॅट त्याच लाईनीत सिरीजमध्ये जोडायचा, छत्तीसला सेट करून. पहिला चालतोय तोवर याला काही काम नाही.

आणि सेन्सर. लोक सेन्सरची वायर आत नुसती सोडून देतात. साप रात्री फिरताना ती ओढतो, सेन्सर जाऊन पडतो गार बाजूला नाहीतर पाण्याच्या भांड्यात, तिथं बावीस अंश, कंट्रोलर म्हणतो अजून गरम करा, आणि गरम बाजू भट्टी होते. दुसऱ्याचा सेन्सरपण त्याच्याच शेजारी नुसता पडलेला असेल तर तोही हलणार आणि सिरीजचा काही उपयोग नाही. दोन्ही सेन्सर गरम बाजूच्या फरशीला लागून, वेगवेगळ्या क्लिपनं स्क्रू मारून पक्के. टेपनं नको, टेपला साप चिकटला तर कातडी सोलते.

फरशी म्हणालो ती शहाबादी. एमिटरच्या बरोबर खाली फूटभर शहाबादीचा तुकडा ठेवायचा, कडा घासून. ती वरची उष्णता पिऊन घेते, सापाला पोटाला ऊब मिळते आणि लाईट गेली तरी बराच वेळ गरम राहते. तिच्यावर किंवा शेजारी एक लपायची जागा, आणि तशीच दुसरी गार बाजूला, दोन्ही अंगाला घासतील एवढ्या अडचणीच्या. हा साप मूळचा वाळवीच्या वारुळात आणि उंदरांच्या बिळात बसणारा, मोकळ्या जागेत घाबरतो आणि खाणं सोडतो. खानापूरच्या कुंभारांकडचं मातीचं मडकं अर्ध्यात कापून, आत जायला तोंड ठेवून पालथं घातलं की काम झालं, प्लास्टिकची गुहा विकत घ्यायची गरज नाही. गरम लपणीत ३१ ते ३३, गार टोकाला २५-२६. रात्री गार बाजू २३ पर्यंत उतरली तरी चालतं, त्याखाली नको. काचेवर चिकटवायच्या गोल काट्याच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, वायरवाला डिजिटल घ्या.

आता सुतारकाम, ते सोपं आहे.

शोकेसमध्ये मध्ये उभी फळी असेल, ती काढायला लागेल. पण ती वरच्या फळीचं वजन घेत असते, नुसती काढली तर वरची फळी वर्षाभरात बसते आणि काच अडकायला लागते. पुढच्या कडेला आतनं दीड इंची सागवानी पट्टी फेविकॉल आणि स्क्रूनं मारून मगच फळी काढा. मागची पाठ बघा, बहुतेक शोकेसला तीन-चार एमएमची हार्डबोर्डची पाठ चुका मारून बसवलेली असते. साप नाक लावून दाबत बसतो, रोज थोडं थोडं, चुका सैल होतात आणि एक दिवस पाठीचा कोपरा उचललेला असतो आणि साप देवघरात. १२ एमएमचं बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात न सुटणारं प्लाय घाला, स्क्रूनं. वायरचं जुनं भोक बंद करून नवीन हवं तेवढंच पाडा. मापाचा नियम सोपा, सापाचं डोकं जाईल तिथनं आख्खा साप जातो.

काच पाच एमएम टफन केलेली. सरकत्या दोन काचांच्या मध्ये जी फट राहते तिथं सिलिकॉनची पट्टी लावा. तीन फुटी बॉल पायथन तिथनं जाणार नाही, पण कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीएवढं असतंय, ते पाळणाऱ्यांनी हे वाचताना इथं थांबावं. आणि काचेचं कुलूप, शोकेसला लावतात तेच दातेरी.

तळ आणि बाजूची चार इंच सनमाइका लावून घ्या, सांधे ॲक्वेरियमवाल्या सिलिकॉननं भरा, बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन नको. ॲक्वेरियमवालं सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. लाखेची पॉलिश ओल्याला टिकत नाही, पांढरी पडते, म्हणून वरच्या भागाला पाण्यातलं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश, दोन-तीन हात. ते हाताला सुकलं म्हणजे झालं असं नाही, दोन-तीन आठवडे उघडं ठेवा. म्हणजे थंडीच्या आत करायचं तर आतापासनं लागा कामाला. देवदार, सीडर असलं वासाचं लाकूड आत कुठंही नको, कितीही छान दिसू दे.

हवेची भोकं गार टोकाला खाली आणि गरम टोकाला वर. गरम हवा वरनं निघते आणि गार हवा खालनं येते. किचनच्या कपाटाला लावतात ती स्टीलची गोल जाळी चालते, मच्छरदाणीची प्लास्टिक जाळी नको. पण झाकणीची सोय ठेवा, कारण आपल्याकडची हवा एकसारखी नाही. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगाव पट्ट्यात दमट एवढं असतंय की भिंतीला बुरशी येते, तेव्हा सगळी भोकं उघडी, आत पाणी मारायचं नाही. फेब्रुवारीपासनं मात्र हवा कोरडी पडते आणि एमिटर ती अजून सुकवतो, तेव्हा अर्धी झाका, पाण्याचं मोठं भांडं ठेवा, कोकोपीट खालनं ओलसर आणि वरनं कोरडं. साठ ते ऐंशी टक्के आर्द्रता धरून चला. कमी पडली की कात तुकड्या-तुकड्यानं निघते, डोळ्यावरची तर राहूनच जाते. आणि गार अधिक ओलं हे सगळ्यात वाईट, सापाला छातीचा आजार त्यातनंच होतो, तोंडाशी फेस, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. कोकोपीट नर्सरीवाल्याचं घेतलं तर धुवून घ्या, त्यात मीठ असतंय.

उन्हाळ्याचं कोण बोलत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी पस्तीसच्या वर गेलं तर थर्मोस्टॅट एमिटर बंद करेल, पण पेटी गार करू शकत नाही, उलट लाकूड आणि थर्माकोल उष्णता कोंडून धरणार. म्हणून शोकेस वरच्या मजल्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला नको. खालची खोली, आतली भिंत.

लाईटीचं. जुन्या घरात दोन पिनचे प्लग आणि अर्थिंग नावालाच, तसं असेल तर आधी तेवढ्या एका पॉईंटला अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवा. आत पाणी आहे, जाळी लोखंडाची आहे आणि हात तुम्ही घालणार आहात. दोन्ही कंट्रोलर पेटीच्या बाहेर, खालच्या ड्रॉवरमध्ये कपड्याबिपड्यात नाही, उघड्यावर. इन्व्हर्टरवर १५० वॅट चालतो पण बॅटरी लवकर खातो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर डिमिंगवाला, म्हणजे वीज कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट नीट चालत नाही, ऑन-ऑफवाल्याला अडचण नाही. दोन-तीन तास लाईट गेली तर काही करू नका, फरशी आणि वाकळ सांभाळून घेतात. रात्रभर गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आत.

सगळं झालं की साप सोडायचा नाही, आठवडाभर रिकामी पेटी चालवायची. पहाटे पाचला, दुपारी आणि रात्री आकडे वहीत लिहायचे. वरच्या फळीला एमिटरच्या जवळ हात लावून बघा, हात ठेवता आला पाहिजे, चटका बसला तर अंतर वाढवा. मुद्दाम पहिला सेन्सर काढून गार पाण्यात धरा आणि दुसरा थर्मोस्टॅट छत्तीसला खरंच तोडतो का बघा, ही परीक्षा कोण करत नाही म्हणून सांगतोय. तोडला तर मग सापाला हलवा, जुन्या डब्यातली एक लपणी तशीच सोबत टाका, आणि पहिला आठवडा खायला देऊ नका, हाताळू नका. बॉल पायथन घर बदललं की दोन-तीन वेळचं खाणं नाकारतो, थंडीत तर जास्तच. वजन टिकून असेल तर तेवढ्यासाठी सेटिंग बदलत बसू नका.